थिएटर आर्ट्सची डिग्री घ्यावी का? पूर्ण कोर्स केल्यावरचा रिव्ह्यू

हा रिव्ह्यू कुठल्या एका कॉलेजचा नाहीये, थिएटर आर्ट्स हा कोर्सच कसा असतो त्याबद्दल आहे. मी स्वतः पूर्ण केलाय, नंतर वेगवेगळ्या कॉलेजांतून हेच शिकून आलेल्या बऱ्याच जणांबरोबर काम केलंय, आणि ॲडमिशनचे दिवस आले की कोणी ना कोणी विचारतंच की घेऊ का, घरचे नको म्हणतायत, पुढे काय होतं वगैरे, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकते. पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली येईलच आणि ते वाचल्याशिवाय फॉर्म भरू नका.

आधी मुद्द्याचं बोलते. जवळजवळ सगळेच अभिनयासाठी येतात, मीही त्यासाठीच आले होते, आणि अभिनय शिकवतात, चांगला शिकवतात. पण अभिनय बाहेरही शिकता येतो, एखाद्या नाटकाच्या ग्रुपमध्ये, वर्कशॉपमध्ये, चांगल्या दिग्दर्शकाच्या हाताखाली. कॉलेज सोडून जे कुठेच मिळत नाही ते म्हणजे लाइट्स लावलेलं ग्रिड (स्टेजच्या वरची पाइपांची जाळी), साउंडचं डेस्क, सुतारकामाची जागा, शिलाई मशीन असलेली कॉस्च्युम रूम, आणि हे सगळं चुकतमाकत वापरायला मोकळा वेळ, तोही चुकलं तर कोणाचं तिकिटाचं नुकसान न होता. त्यामुळे माझं सरळ म्हणणं आहे, अभिनयासाठी जा पण कॉलेज निवडताना बॅकस्टेज बघून निवडा.

पहिलं वर्ष बऱ्याच जणांना बोअर होतं. त्यांना वाटलेलं असतं की आल्या आल्या मोठा रोल मिळेल आणि इथे तर जमिनीवर पाठ टेकून, गुडघे वर घेऊन नुसतं पडायचं आणि श्वास कुठे जातोय ते बघायचं. खांदे वर उचलून छातीत भरलेला श्वास घेऊन मोठं वाक्य म्हणून बघा, अर्ध्यात संपतो आणि आवाज घशावर येतो. तोच श्वास खाली, बरगड्या बाजूला उघडतील असा घेतला की त्याच वाक्याला आधार मिळतो. ऐकायला साधं वाटतं पण अंगवळणी पडायला महिने जातात. आवाज मोठा असणं वेगळं आणि तो मागच्या रांगेपर्यंत पोचणं वेगळं, हे व्हॉइसच्या क्लासमध्ये रोज घासून घेतात. मराठीत बोलणाऱ्यांनी तर याकडे जास्तच लक्ष द्यायला हवं कारण आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि आपण नेमका शेवटच गिळतो, म्हणजे तो आला, येणार होता की आलाच नाही हे मागे बसलेल्याला कळतच नाही आणि त्याचा सीन हातातून जातो. आमच्या मॅडम प्रत्येक वाक्य फक्त शेवटचे दोन शब्द नीट सोडून म्हणायला लावायच्या, बाकीचं कसंही म्हणा. त्या एका सवयीने माझं बोलणं जेवढं सुधारलं तेवढं दुसऱ्या कशानेच नाही. आणि घसा बसल्यावर कुजबुजत बोलू नका, त्यानेही ताण येतो, गप्प बसणं आणि पाणी पिणं हाच उपाय, हेही तिथेच कळलं.

मग इम्प्रोव्हायझेशन, थिएटर गेम्स. यातले बरेच खेळ व्हायोला स्पोलिन या अमेरिकन नाट्यशिक्षिकेने शिकागोमध्ये मुलांबरोबर काम करताना बसवलेले आहेत आणि ते वरवर पोरखेळ वाटतात, पण गोष्ट अशी आहे की प्रत्येक खेळात लक्ष स्वतःवरून काढून बाहेर कुठेतरी लावलेलं असतं, म्हणून लाजणारा मुलगाही विसरून जातो की लोक बघतायत. अमेरिकन अभिनय शिक्षक मायस्नरचा रिपीटिशनचा, म्हणजे तेच वाक्य परत म्हणायचा, व्यायामही तसाच. दोघं समोरासमोर बसतात, एक म्हणतो "तू हात चोळतोयस", दुसरा म्हणतो "मी हात चोळतोय", आणि हेच चालू राहतं. पहिली काही मिनिटं वेळकाढूपणा वाटतो. मग अचानक समोरच्याचा सूर बदलतो, तुम्हाला ते ऐकू येतं आणि तुमचाही आपोआप बदलतो, काही ठरवलेलं नसताना. ऐकणं म्हणजे आपल्या वाक्याची पाळी येईपर्यंत थांबणं नाही, हे असं अंगातून समजतं, भाषणाने समजत नाही.

आता अभिनयाच्या थिअरीबद्दल, कारण इथे एक धोक्याची गोष्ट आहे. रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्कीपासून सुरुवात होते, १८९८ साली त्याने नेमिरोविच-दान्चेन्कोबरोबर मॉस्को आर्ट थिएटर काढलं वगैरे इतिहास, आणि मग त्याची पद्धत, म्हणजे पात्राची दिलेली परिस्थिती काय, त्याला या क्षणी हवंय काय, आणि मी या जागी असते तर काय केलं असतं. हे सोनं आहे, आयुष्यभर पुरतं. पण त्याच पद्धतीतला एक भाग म्हणजे भावनिक स्मृती, स्वतःच्या आयुष्यातला प्रसंग आठवून ती भावना आणणं, आणि काही शिक्षक फक्त तेवढंच धरून बसतात. आमच्याकडे एका शिक्षकांनी पहिल्याच टर्मला वर्गासमोर एकेकाला उभं करून घरातलं सगळ्यात मोठं दुःख सांगायला लावलं, एक मुलगी रडून रडून बाहेर गेली आणि त्यानंतर तिच्याकडे कोणी बघायला नाही गेलं, क्लास तसाच पुढे चालू. एक स्टारपैकी अर्धा याचा कापलाय. आणि हे करताना अभिनयाची परंपराच अशी आहे म्हणून सांगतात, तर ते तितकंसं खरं नाही. अमेरिकन नटी स्टेला ॲडलर १९३४ मध्ये पॅरिसला जाऊन खुद्द स्तानिस्लावस्कीबरोबर काही आठवडे काम करून आली आणि परत येऊन तिने आपल्या ग्रुपला सांगितलं की जोर कल्पनाशक्ती आणि दिलेल्या परिस्थितीवर आहे, स्वतःच्या जखमा उकरण्यावर नाही. त्याच ग्रुपमधल्या, भावनिक स्मृतीवर भर देणाऱ्या ली स्ट्रासबर्गशी तिचं यावरूनच बिनसलं. तेव्हा "मला हे वैयक्तिक वापरायचं नाही, मी कल्पनेतून करते" असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि चांगला शिक्षक ते ऐकून लगेच दुसरा रस्ता दाखवतो. तेच शारीरिक जवळिकीच्या सीनचं. कुठे हात लावायचा, कुठे नाही हे आधी बोलून, ठरवून, नाचाच्या स्टेप्ससारखं बसवलं पाहिजे, ऐनवेळी सुचेल तसं नाही. आता बऱ्याच ठिकाणी हे नीट करतात, तरी विचारून घ्या.

थिअरीच्या पेपरना लोक नावं ठेवतात, मला ते आवडले, कारण शिकवणारे सर प्रत्येक गोष्ट प्रत्यक्ष रंगमंचाशी जोडायचे. नाट्यशास्त्र, म्हणजे भरतमुनींचा नाटकावरचा जुना संस्कृत ग्रंथ, म्हटलं की सगळे रस पाठ करतात आणि पुढे जातात. सरांनी दुसरा अध्याय काढला, नाट्यगृहाचा. आयताकृती, चौरस, त्रिकोणी असे तीन आकार, आणि माणसांसाठी मध्यम आकाराचं आयताकृती चांगलं, ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद. कारण काय दिलंय, तर यापेक्षा मोठं केलं तर शब्द नीट ऐकू येणार नाहीत आणि चेहऱ्यावरचे भाव दिसणार नाहीत. हे वाचून सरांनी आम्हाला उठवलं, रिकाम्या हॉलमध्ये नेलं आणि एकाला स्टेजवर उभं करून बाकीच्यांना एकेक रांग मागे जायला सांगितलं, भुवई उचललेली दिसेनाशी झाली की थांबायचं. तो तास मी कधी विसरणार नाही. आंगिक (शरीराचा), वाचिक (बोलण्याचा), आहार्य (वेशभूषेचा), सात्त्विक (आतल्या भावाचा) ही अभिनयाची चार अंगं पण अशीच समजली, आहार्य म्हणजे नुसते कपडे-मेकअप नाही तर बाकी तिन्ही जिथे पोचत नाहीत तिथपर्यंत पात्र पोचवणारी गोष्ट.

इतिहासात इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस'वरची चर्चा भारी झाली. १८७९ चं नाटक, शेवटी नोरा घर सोडून जाते. जर्मनीत एका नटीने हा शेवट करायला नकार दिला, मुलं टाकून मी जाणार नाही म्हणून, आणि दुसऱ्या कोणी मोडतोड करण्यापेक्षा इब्सेनने स्वतःच दुसरा शेवट लिहून दिला ज्यात ती मुलांकडे बघून थांबते. त्याला स्वतःला तो अजिबात पटला नव्हता. आम्हाला दोन्ही शेवट करून बघायला लावले. शेवट बदलला की पहिल्या अंकातला तिचा प्रत्येक संवाद वेगळा वाजायला लागतो, हे वाचून नाही कळत, उभं राहून केलं की कळतं. ब्रेश्ट, मेयरहोल्ड, ग्रोटोव्स्की हे विसाव्या शतकातले मोठे दिग्दर्शक मात्र आमच्याकडे अगदी उरकून टाकले, प्रत्येकी दोन लेक्चर आणि नोट्स. वाईट वाटलं.

आता बॅकस्टेज. जवळपास सगळीकडे नियम असा असतो की प्रत्येकाने प्रत्येक विभागात एकेक प्रॉडक्शन करायचं, सेट, लाइट, साउंड, कॉस्च्युम, स्टेज मॅनेजमेंट. रोल नाही मिळाला म्हणून तोंड पाडून स्टेज मॅनेजमेंटला आलेली मुलं वर्षाच्या शेवटी तीच मागून घेतात, हे मी दर बॅचला बघितलंय.

काम काय असतं सांगते. तालमीच्या पहिल्या दिवसापासून एक प्रॉम्प्ट बुक ठेवायचं. एका बाजूला संहितेचं पान, समोर कोरं पान, त्यावर कोण कुठून आलं, कुठे गेलं, कप कुठल्या हातात होता, कुठल्या शब्दावर लाइट बदलतो ते सगळं, पेन्सिलनेच कारण रोज बदलतं. तालमीच्या हॉलमध्ये फरशीवर रंगीत टेप चिकटवून सेटचा पूर्ण आराखडा मापात काढायचा, म्हणजे नट भिंतीतून चालत जाणार नाहीत. आणि शोला हेडसेट लावून सगळं नाटक चालवायचं. "लाइट २३, स्टँडबाय," म्हणजे तेविसाव्या लाइट बदलासाठी तयार राहा. लाइटवाला म्हणणार "स्टँडबाय." आणि नेमक्या क्षणाला "गो." तो गो हा शब्द हेडसेटवर दुसऱ्या कुठल्याच कारणाने उच्चारायचा नाही, कारण ज्याचं बोट बटणावर आहे तो त्या एका शब्दाची वाट बघत असतो. मी पहिल्यांदा शो कॉल केला, म्हणजे हेडसेटवरून हे इशारे दिले, तेव्हा एका सीनमध्ये नायक दार लावून पाठमोरा थांबतो आणि त्याच्या श्वास सोडण्यावर लाइट उतरायला हवा होता. तो श्वास रोज वेगळ्या वेळी यायचा. सेकंद मोजून उपयोग नव्हता, त्याच्या पाठीकडे बघत बघत त्याच्याबरोबर श्वास घ्यायचा आणि सोडताना "गो" म्हणायचं. त्या प्रॉडक्शननंतर मी स्टेजवर उभी राहिले तेव्हा पॉझ घेणं म्हणजे काय हे मला वेगळंच कळलेलं होतं, की माझ्या एका पॉझवर मागे चार माणसं श्वास रोखून बसलेली असतात, तो नीट घेतला पाहिजे, रोज खरा घेतला पाहिजे.

लाइटचंही तेच. पहिला धडा सेफ्टीचा, प्रत्येक दिवा वर टांगला की त्याला सेफ्टी केबल लावल्याशिवाय शिडीवरून खाली यायचं नाही, आणि हॅलोजनचा बल्ब उघड्या बोटांनी धरायचा नाही कारण बोटाचं तेल काचेला लागलं की तेवढी जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो, कधी फुटतोही. १९०३ मध्ये शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरमध्ये एका आर्क लाइटच्या ठिणगीने पडद्याने पेट घेतला, आग अडवायला खाली सोडायचा पडदा मध्येच अडकला, दारं उघडेनात आणि ६०० हून जास्त माणसं गेली. तेव्हापासून दारं बाहेर उघडणारी आणि ढकलली की उघडणारी असावीत हे नियम कडक झाले. आमचे लाइटचे सर हे सांगितल्यावर लगेच हॉलमध्ये नेऊन सगळी एक्झिट दारं एकेक करून उघडायला लावायचे, आणि अजूनही मी कुठल्याही नाट्यगृहात काम करायला गेले की आधी तेच करते.

मग एक खुर्ची, एक माणूस, आणि एकच दिवा. खालून टाका, वरून टाका, बाजूने टाका आणि काय दिसतं ते लिहा. वरून टाकलेल्यात डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात, बाजूच्यात शरीर छान उठून दिसतं म्हणून नाचाला तो वापरतात, समोरून सपाट टाकलेल्यात चेहरा दिसतो पण त्याला खोली राहत नाही. त्यावर उपाय म्हणून अमेरिकन लाइट डिझायनर स्टॅन्ले मॅककँडलेसची पद्धत शिकवतात, समोर वरच्या कोनातून दोन्ही बाजूंनी एकेक दिवा, एक उबदार रंगाचा, एक थंड रंगाचा. १९३२ साली त्याने ती पुस्तकात मांडली आणि आजही शिकायला ती सगळ्यात सोपी सुरुवात आहे. डेस्कवर डीएमएक्स, म्हणजे डेस्कवरून दिव्यांना सूचना पाठवायची पद्धत, त्यात एका लाइनवर ५१२ चॅनल, प्रत्येकाची किंमत शून्य ते २५५, हे गणित दोन तासांत समजतं, पण संध्याकाळ संपून रात्र झालेली प्रेक्षकाला कळू नये पण जाणवावी यासाठी तोच फेड, म्हणजे लाइटचा हळूहळू होणारा बदल, किती मिनिटं लांबवायचा ते समजायला सगळं वर्ष जातं. आणि नट म्हणून याचा फायदा असा की तुम्हाला आपला लाइट शोधता येतो. आधी चेहऱ्याला ऊब लागायची त्यावरून कळायचं, आता एलईडीत ती फारशी लागत नाही, त्यामुळे दिवा कुठे आहे ते डोक्यात पक्कं असावं लागतं. ज्याने स्वतः शिडीवर चढून तो दिवा फोकस केलाय त्याला हे सांगावं लागत नाही.

उरलेला अर्धा स्टार कास्टिंगचा. वर्षानुवर्षं त्याच तीन-चार मुलांना मोठे रोल मिळतात, कारण प्रॉडक्शन चांगलं दिसायला हवं, पाहुणे येणार असतात. माझं यावर ठाम मत आहे, कॉलेजचं नाटक हे शिकण्यासाठी आहे, ज्याला जमत नाही त्यालाच तो रोल मिळाला पाहिजे. ज्या कॉलेजांत प्रत्येकाला डिग्री संपेपर्यंत एक तरी मोठी भूमिका मिळेलच असा नियम आहे तिथली मुलं बाहेर पडल्यावर जास्त तयार दिसतात. ग्रुपच्या मार्कांवरूनही भांडणं होतात, रात्री उशिरापर्यंत सेट रंगवणारे दोघं आणि मार्क सगळ्यांना सारखे, याची तयारी ठेवा. आणि वेळ. तालमी क्लासनंतर असतात, शो जवळ आला की सुट्टी नावाची गोष्ट राहत नाही, पार्ट टाइम काम करून शिकायचा विचार असेल तर आधीच शिक्षकांशी बोलून ठेवा.

कॉलेज बघायला जाल तेव्हा माहितीपत्रकातल्या प्रसिद्ध माजी विद्यार्थ्यांचे फोटो बाजूला ठेवा आणि तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा. पहिल्या वर्षाची अजून खुशीत असतात आणि शेवटच्या वर्षाची थकलेली, दुसऱ्या वर्षाची खरं सांगतात. त्यांना विचारा की लाइटच्या डेस्कला तुम्ही हात लावता की बाहेरून ऑपरेटर येतो. वर्षात मुलांनी स्वतः दिग्दर्शित केलेली नाटकं होतात का. वर्कशॉपची चावी कोणाकडे असते, आणि मागितली तर मिळते का. हा चावीचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण खूप ठिकाणी महागडं सामान कुलपात असतं आणि फक्त तपासणीच्या दिवशी बाहेर येतं. शिकवणारे स्वतः अजून नाटक करतात का तेही बघा.

पुढे काय, हा घरच्यांचा प्रश्न. स्पष्ट सांगते, ऑडिशनला कोणी डिग्री मागत नाही आणि डिग्रीमुळे रोल मिळत नाही. पण लाइट, साउंड, स्टेज मॅनेजमेंट येणाऱ्याला काम मिळायची शक्यता नटापेक्षा बरीच जास्त असते, नाटकाशिवाय इव्हेंट, म्युझियम, ऑडिओबुक्स, डबिंग, शाळेत नाटक शिकवणं असे रस्ते आहेत, आणि पुढे शिकून ड्रामा थेरपीतही जाता येतं. माझ्या बॅचमधले जे आज नाटकावर पोट भरतात त्यातले निम्म्याहून जास्त रंगमंचाच्या मागे आहेत, आणि खुशीने आहेत. ज्यांना फक्त कॅमेऱ्यासमोर यायचंय, बाकी कशात रस नाही, त्यांनी हा कोर्स घेऊ नये, त्यांना ही वर्षं लांबलचक वाटतील.

राहिली प्रवेशाची ऑडिशन. साधारण दोन वेगवेगळ्या स्वभावाचे छोटे उतारे मागतात. आपल्या वयाच्या जवळची पात्रं घ्या, सोळाव्या-सतराव्या वर्षी म्हाताऱ्या राजाचा आक्रोश नको. नेहमीचे गाजलेले उतारे परीक्षकांनी इतके ऐकलेले असतात की तुमचा सुरू व्हायच्या आधीच त्यांच्या कानात दुसऱ्याचा वाजायला लागतो, म्हणून पूर्ण नाटक वाचून त्यातला कमी ऐकलेला उतारा शोधा, आणि ते पात्र कोणाशी बोलतंय, त्याला समोरच्याकडून काय हवंय हे ठरवूनच आत जा. उतारा झाल्यावर बहुतेक वेळा सांगतात की आता हेच रागाने न करता एखाद्याला झोपवल्यासारखं करा किंवा असंच काहीतरी. तेव्हा गोंधळू नका, पहिलं चुकलं म्हणून नाही सांगत. तुम्ही ऐकून बदलू शकता का एवढंच बघायचं असतं त्यांना, आणि पाठ केलेले हातवारे तसेच पुन्हा करणारे इथेच गळतात. तेव्हा घरी सराव करतानाच एकच उतारा पाच वेगळ्या हेतूंनी करून ठेवा, दर वेळी मित्राला नवीन हेतू सांगायला लावा.